परबतात्यांनी सांगितलेली लोककथा

जन्मभर लोकांच्या कथा गोळा केल्या. पण स्वतःची ही एक कथा सांगायची म्हटले की मी विषयच बदलतो. तरी ऐका!

कणकवलीच्या वाचनालयात एका जुन्या, नावाजलेल्या युद्धविरोधी विज्ञानकादंबरीवर मला बोलायचे होते. शिपाई दूरच्या ताऱ्यावर लढून परततो, तोवर घरी कित्येक पिढ्या उलटलेल्या. सामान्य वाचकाचा प्रतिसाद हवा, म्हणून ती मी जामसंड्यातले माझे शेजारी, निवृत्त सुभेदार परबतात्यांना वाचायला दिली.

आठवड्याने तात्या पुस्तक घेऊन अंगणात आले.

"सर, ह्या खरा आसा. एक शिपाई लढाईवरसून घराक इलो. दारात तेचा पाच वर्सांचा चेडू. ता आवशीक इचारता, 'आये, हो पावणो कोण?'"

मी खुर्चीतून उडालोच! साक्षात जिवंत कथाबीज!

"तात्या, ही गोष्ट कोणाकडून ऐकलीत? आजीकडून?"

"कोणाकडसून नाय."

मी टिपले: मूळ अज्ञात.

"शेवटी लेक बापाला ओळखते ना? सर्वत्र तसाच शेवट आढळतो."

"खंय ओळखता! म्हयनोभर जवळ येवक नाय."

"मग शेवट खंडित दिसतो," मी निर्वाळा दिला. एवढ्यावर तरी थांबावे? मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू करायचे राहिले होते, म्हणून त्यांना सगळे पुन्हा, सावकाश सांगायला लावले. आणि त्या भल्या माणसाने सांगितले हो!

वाचनालयात मी ही 'जामसंडे येथील खंडित लोककथा' रंगवून मांडली. टाळ्याही पडल्या! मग तात्यांची लेक सुनंदा उभी राहिली. कणकवलीतच शिक्षिका आहे ती.

"सर, ही कथा कोणी सांगितली तुम्हाला?"

"तुमच्याच वडिलांनी! निवेदक उत्तम, फक्त शेवट विसरले."

"विसरले नाहीत, सर. ता चेडू मी."

माझी विद्वत्ता कोणत्या खुर्चीखाली लपवू?

ती जवळ आली, हळूच म्हणाली, "बाबा त्या दिवसांबद्दल घरात कधीच बोलले नाहीत. तुमच्याशी पहिल्यांदा बोलले. सांगताना कसे होते ते?"

मला आठवेना! कथेकडेच लक्ष होते ना माझे, माणसाकडे नव्हे. म्हणून वही उघडली. समासात माझ्याच सुवाच्य अक्षरात नोंद होती: 'निवेदक तीनदा थांबतो, आवाज अस्पष्ट. स्मरणशक्ती क्षीण.'