दाजींची निळी काच आणि ताईची गिरणी

मे महिन्यात सोलापूरकडे कुणी फिरायला जातं का? मी गेलो. मोडनिंबला ताईच्या घराचं बांधकाम चाललंय आणि इमारतीत वीज वाचवायचे सरकारी नियम मी नुकतेच वाचले होते. शहाणपण अंगात मावेना, म्हणून स्वतःचं पेट्रोल जाळून ते पोचवायला निघालो.

पुण्याहून पहाटेच निघा. मी अर्थातच उन्हं चढल्यावर निघालो. रस्ता झकास, टोल भरपूर. टेंभुर्णीला ढाब्यावर शेंगाभाजी आणि कडक भाकरी खाल्ली, दीडशे रुपयांत पोट टम्म. बाहेर आलो तर तापलेल्या स्टिअरिंगला हात लाववेना.

ताईकडे चहा संपायच्या आत मी सुरू झालो. छतावर उष्णता अडवणारा थर टाका, खिडक्यांना रुंद छज्जे काढा. "खर्च एकदाच, बचत वर्षानुवर्षं!"

ताईचा चेहरा पडला. "बचत हुईल रे, पण आत्ता पैसा कुटला? माझ्या गिरणीचाच की."

पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकायची, चार पैसे स्वतःच्या हातात यावेत, यासाठी ती लग्नापासून थांबलीय. आणि सख्खा भाऊ तिच्याच गिरणीवर उठला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विषय बदलायला मी बांधकाम बघत फिरू लागलो. पश्चिमेच्या भिंतीची अख्खी जागा मोकळीच होती.

"दाजी, इथं काय?"

"निळी काच!" दाजी खुलले. "हायवेवरनं घर दिसलं पायजे की! तुमच्याच फ्लॅटसारखी. मिस्त्रीला फोटो दावलाय तुमचा."

"अहो, त्या काचेला आम्ही दिवसभर जाड पडदा लावतो. आत दिवे लावून बसतो, वर एसी. बिल आलं की बायको माझ्याकडं बघते."

"मग फोटोत पडदा कुटं हाय?"

"फोटोपुरता काढला होता."

दाजी पोट धरून हसले. ताई मात्र हसली नाही. "काच रद्द करा. त्या पैशात छत आन् छज्जे बसत्यात. गिरणीला हात लावायचा न्हाय."

"लोक काय म्हणतील?" दाजी कुरकुरले, पण मिस्त्रीला फोन लावला.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. आवाजातच हसू. "गिरणी ठरली रे! फुडच्या उन्हाळ्यात पोरांना घिऊन या. आमच्याकडं गार असंल."

येतो म्हणालो. मग चष्मा सापडेना, म्हणून दिवा लावला. भर दुपारी.