पाच वर्षं जपलेला ड्राइव्ह

बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये सुकदेवअप्पा इलेक्ट्रिशियन आहेत. मूळचे शिरपूरकडचे. वस्तू वापरली की झिजते, ठेवली की टिकते, हे त्यांचं पक्कं मत. कापड सुकवणाऱ्या मशीनच्या मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह असतो. त्याचे दोन कोरे नग त्यांनी पाच वर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवले होते.

मंगळवारी सकाळी जुना ड्राइव्ह बंद पडला. अप्पांनी कोरा बसवला, स्विच वर केला आणि सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. पॅनलमधून उग्र वासाचा धूर निघाला. ओलं कापड मशीनवर तसंच अडकलं. मिलचे गुजराती शेठ धावत आले.

"बीजो लगाडो," कपाटातल्या दुसऱ्या नगाकडे बोट दाखवत ते म्हणाले. "ए पण फूटे तो काले आवता नहीं." म्हणजे तोही फुटला, तर अप्पांनी उद्यापासून यायचं नव्हतं.

अप्पांनी ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्या कुंदनला बोलावलं. तोही खानदेशातलाच. त्याने झाकण उघडलं. एक कपॅसिटर फुगून फाटला होता.

"आप्पा, हाई कितला वरीसनं पडेल शे?"

"पाच. कोनले हात लावू दिधा नही."

"तोच तर घोळ शे."

कुंदनने समजावलं. कपॅसिटर विजेविना पडून राहिला की आतून कच्चा होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की शॉर्ट होतो. वर्षातून एकदा तरी त्याला वीज दाखवावी लागते. फ्यूज योग्य होता, तो लगेच उडाला, म्हणून बाकीचं पॅनल वाचलं.

ही बोलणी की शाबासकी, अप्पांना कळेना. जुना ड्राइव्ह वाफेत, धुळीत रात्रंदिवस राबला आणि इतकी वर्षं टिकला. याला धुळीचा कणही लागला नव्हता.

"मंग जपीसन काय फायदा?"

"माले काय इचारतस? कपॅसिटरले इचारा."

दुसरा नगही पहिल्यासोबतच घेतलेला, त्याच कपाटातला. कुंदनने तो व्होल्टेज हळूहळू वाढवणाऱ्या डिमरस्टॅटला जोडला आणि चकती जराशी फिरवली. थोडं व्होल्टेज, मग वाट बघणं, मग आणखी थोडं. अशी सावकाश वीज मिळाली की कपॅसिटर आतून पुन्हा पक्का होतो, असं त्याचं म्हणणं. अप्पांना वाटलं, एवढ्याशा विजेने काय होणार? आणि होणारच नसेल, तर दुपार कशाला घालवायची? शेठचा माणूस दर थोड्या वेळाने डोकावून जाई.

संध्याकाळी नवा फ्यूज टाकून तो पॅनलमध्ये बसवला.

"स्विच तुम्हीच टाका," कुंदन म्हणाला.

अप्पांनी तोंड फिरवून स्विच वर केला. आवाज झाला नाही. कापड पुढे सरकू लागलं. दारात उभे असलेले शेठ आपल्या केबिनकडे वळले.

"चालनी ना मोटर?" कुंदनने विचारलं.

"चालनी," अप्पा म्हणाले. "पन का चालनी, ते काही समजनं नही."