हेलिकॉप्टरमध्ये जागा नव्हती

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असं आमच्याकडे धरूनच चालतात. पण लेकीला इतक्या लांबचा विमानप्रवास करू द्यायला तिथले डॉक्टर तयार नव्हते. म्हणून मीच गेले. रेवदंड्याजवळची आमची नारळी-पोफळीची वाडी यांच्यावर सोपवली, आणि डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, जुन्या सुती साड्यांची दुपटी असं सगळं बॅगेत कोंबून आल्प्समधल्या त्या गावात जाऊन पोचले.

लेक तिथल्या हॉटेलात रिसेप्शनवर, जावई त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात. गाव सगळं स्कीइंगवर जगणारं. सकाळ झाली की तारेवरचे पाळणे माणसांना भराभर वर नेऊन सोडायचे आणि ती माणसं घसरत खाली यायची. माझ्या कमरेएवढीसुद्धा नसलेली पोरं त्या उतारावरून सुसाट यायची. त्यांच्या आया खाली कॉफी पीत उभ्या, आणि घाबरत असायचे ती मी, खिडकीतून.

मग एकदा बर्फ पडायला लागला तो थांबेचना. पहिल्या दिवशी मी यांना व्हिडिओ कॉल करून कौतुकाने दाखवला. नंतर पाळणे बंद झाले, उतार बंद झाले. डोंगरात धडाम धडाम आवाज येऊ लागले तशी मी दचकले.

"सुरुंग लावतायत, आई," लेक म्हणाली. "बर्फ आपणहून कोसळायच्या आत पाडून टाकतात."

त्याच दिवशी सकाळी जावई बाळासाठी गाडीत बसवायची खुर्ची आणायला खालच्या शहरात गेला होता. दुपारी घाट बंद केला. तो खाली अडकला, आम्ही वर. लेकीला काळजी वाटली नाही. तिचे दिवस भरायला अजून महिना होता.

दुसऱ्या दिवशी मी चहा टाकत होते. तिने बाथरूममधून हाक मारली, "आई, इकडे ये." मी गॅस तसाच सोडून धावले. ती फरशीवर बसली होती आणि खाली रक्त होतं.

माझ्या जावेच्या आणि नणंदेच्या वेळी सगळी धावपळ मीच केली होती. रिक्षा आणणं, अलिबागला डॉक्टरांना उठवणं, कुणी रडायला लागलं तर त्याला बाहेर पाठवणं. इथे मला फोन कुठला फिरवायचा तेही ठाऊक नव्हतं. फोन तिनेच केला. बसल्या बसल्या, त्यांच्या भाषेत, पत्ता दोनदा सांगितला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, एवढंच.

गावातला दवाखाना म्हणजे मोडलेल्या हातापायांचा. भिंतीवर सगळी गुडघ्यांची चित्रं. डॉक्टर तिला तपासून काहीतरी बोलले. मी विचारलं, "काय म्हणतात?" तेव्हा पडल्या पडल्या तिनेच मला मराठीत सांगितलं, "बाळाआधीच वार सुटतेय म्हणतात, आई. इथे काही करता येणार नाही. हेलिकॉप्टर मागवलंय. ढग जरा हटले तर येईल."

स्वतःच्या जिवाचं मला समजावून सांगायला तीच होती.

ढग हटले. हेलिकॉप्टर दवाखान्यामागच्या मैदानात उतरलं. तिला स्ट्रेचरवर बांधून नेताना ती एकदम लहानपणीसारखी म्हणाली, "आई, तू चल ना."

मी पिशवी उचलली आणि निघाले. लाल कपड्यांतल्या माणसाने हात आडवा धरला. आत तो, दुसरा एक डॉक्टर आणि पायलट. जागा नव्हती. मी त्याला मराठीतच म्हटलं, "मी आई आहे तिची." त्याला ते कळलं असावं, कारण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण दार लावून घेतलं. पंख्याने बर्फ उडून तोंडावर असा काही आला की हेलिकॉप्टर वर गेलेलं मला दिसलंसुद्धा नाही.

लेकीच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर स्की भाड्याने देणाऱ्या एक आजीबाई राहायच्या. त्या मला हाताला धरून घरी घेऊन आल्या. माझ्यापुढे गरम सूप ठेवलं. त्यात काय होतं मी विचारलं नाही, आणि विचारणार तरी कुठल्या भाषेत. त्या त्यांच्या भाषेत बोलत राहिल्या, मी माझ्या.

यांचा फोन आला. मागे वाडीतल्या पंपाचा आवाज येत होता.

"कशी आहे ती?"

"माहीत नाही."

"अगं, तू तिथे असून तुला माहीत नाही?"

मग हेच म्हणाले, "बरं, बरं. ठेवतो. जावयाचा फोन येत असेल." पण त्यांनी ठेवला नाही, मीही ठेवला नाही. दोघं पंपाचा आवाज ऐकत राहिलो.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. निदान तो तरी खाली होता, दवाखान्यात पोचला होता. ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. लेकीला रक्त चढवत होते, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. "दोघी आहेत, आई," तो म्हणाला. ठीक आहेत असं नाही म्हणाला, आणि मला पुढचं विचारायचा धीर झाला नाही.

घाट उघडायला आणखी काही दिवस गेले. त्या दिवसांत मी लेकीचं घर पुसलं, दुपट्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या, आणि खिडकीतून डोंगराकडे बघत राहिले. बर्फ थांबला होता. ऊन लख्ख पडलं होतं. लोक पुन्हा घसरायला लागले होते, हसत होते.

जावई न्यायला आला तेव्हा त्याने दाढी केलेली नव्हती. दवाखान्यात लेक खुर्चीत बसली होती, पांढरी पडलेली, उघड्या छातीशी मूठभर बाळ धरून. नळ्या, तारा, कसलेसे आकडे. मी पुढे झाले तर नर्सने आधी हात धुवायला सांगितलं, मग लांब उभं राहायला. लेकीने नर्सला काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं, बाळाची मान जराशी वळवली. तिला ते सगळं यायला लागलं होतं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"काही नको, आई," ती हळूच म्हणाली. "तू बस. दमली असशील."

कोपऱ्यात एक स्टूल होतं. जावयाने ते माझ्याकडे सरकवलं. तिथून बाळाची फक्त टोपी दिसत होती.