टाचणीबाईंची सही

आमच्या वस्तीत कपडे शिवणाऱ्या एक बाई आहेत. तोंडात कायम तीन-चार टाचण्या, त्यामुळे बोलणं ओठाच्या एका कोपऱ्यातून, आणि तेही टोचणारं. सगळे त्यांना टाचणीबाई म्हणतात, अगदी तोंडावर. त्याचं त्यांना काही वाटत नाही. त्यांना चीड येते ती प्रश्न विचारून उत्तर ऐकायच्या आत पान उलटणाऱ्या माणसांची. आणि अशी माणसं आमच्याकडे दर सात-आठ वर्षांनी यायची.

मी या वस्तीत एकतीस वर्षं टपाल वाटलं. त्यामुळे कुठल्या घरी कोणतं सर्वेक्षण झालं, मला तोंडपाठ आहे. एकदा मेडिकल कॉलेजच्या लोकांनी बायकांचं रक्त नेलं. एकदा मुलांचे दात मोजले. तिसऱ्यांदा काय केलं ते त्यांनाही आठवत नसेल. एकाही वेळेला परत येऊन कुणी सांगितलं नाही की बुवा, तुमच्या रक्तात हे निघालं.

चौथ्या वेळेला विषय होता रक्तदाब, आणि सोबत एक नवा शब्द होता: भागीदारी. वस्तीतल्या पाच जणांची समिती होणार, संशोधन आपण मिळून करणार. सांगायला आलेली तरुण डॉक्टरीण मनाने चांगली होती. तिने चार पानांचा करार टाचणीबाईंच्या दुकानातल्या बाकावर बसून मोठ्याने वाचून दाखवला. समितीच्या सहीशिवाय अहवाल बाहेर जाणार नाही, असंही त्यात एक कलम होतं. तेव्हा कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. मीसुद्धा नाही.

टाचणीबाई एरवी नाहीच म्हणाल्या असत्या. पण दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्या नणंदेला सकाळी चूळ भरताना पाणी तोंडात धरता येईना. अर्धं तोंड वाकडं झालं होतं. नणंद त्यांच्याच घरी, वरच्या खोलीत राहते, कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावते. इस्पितळात सांगितलं, रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यामुळे हे झालं, थोडक्यात निभावलं. म्हणून टाचणीबाईंनी समितीवर नाव दिलं. मला म्हणाल्या, "पोस्टमनकाका, तुम्हीपण या. मी एकटी भडकले तर धरायला कुणीतरी हवं."

पहिली बैठक कॉलेजच्या चौथ्या मजल्यावर, कामाच्या दिवशी सकाळी अकराला. लिफ्ट फक्त कर्मचाऱ्यांसाठी. वर पोचेपर्यंत आम्हा पाचही जणांचा रक्तदाब मोजण्यासारखा झाला होता. चहा आला, बिस्किटं आली, हजेरीचा कागद आला. मग विभागप्रमुख, म्हणजे मोठे डॉक्टर, पडद्यावर पाऊण तास काहीतरी दाखवत राहिले. शेवटी प्रश्नावली आमच्या हातात दिली.

चौदावा प्रश्न होता: तुम्ही गोळ्या नियमित का घेत नाही? पर्याय चार. माहिती नाही. महत्त्व वाटत नाही. घरच्यांचा विरोध. इतर.

टाचणीबाईंनी तो दोनदा वाचला. "साहेब, माझ्या नणंदेला महत्त्व वाटत नव्हतं म्हणून तिचं तोंड वाकडं झालं का?"

"तसं नाही मावशी, हे जगभर वापरलेले पर्याय आहेत."

"जगभर दवाखाना एकला बंद होतो का? आमचा होतो. दहा ते एक. गोळ्या पंधरा दिवसांच्याच देतात. कारखान्यातून बाई सुटते साडेचारला. महिन्यातून दोनदा रजा मागितली की मुकादम म्हणतो, कायमचीच घे. हे कुठल्या चौकोनात बसतं?"

"इतरमध्ये," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय."

पुढच्या बैठकीत मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं गेलं. त्यात लिहिलं होतं, 'समितीने पूर्ण सहकार्याचे आश्वासन दिले.' टाचणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. समितीतले दोघे त्यानंतर आलेच नाहीत, त्यांची चूकही म्हणता येणार नाही.

सर्वेक्षण झालं. विद्यार्थी घरोघर फिरले आणि टाचणीबाई दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर फिरल्या. एखादी बाई लाजून 'माहिती नाही' म्हणाली की या मागून, "माहिती नाही कशी? मागच्या महिन्यात बंद दारावरून परत आलीस ना? तेच सांग." एकशे बारा बायकांपैकी ऐंशी जणींनी 'इतर' सांगितलं आणि पुढच्या रेघेवर कारण लिहवून घेतलं.

अहवालाचा मसुदा आला. 'इतर' एकाहत्तर टक्के. निष्कर्ष: वस्तीत जनजागृतीची नितांत आवश्यकता आहे. उपाय: भित्तिपत्रकं.

"आणि ती कारणं?" टाचणीबाईंनी तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, "मावशी, लिहिलेल्या उत्तरांचं विश्लेषण करायला वेळ नव्हता. फक्त समितीतर्फे तुमची सही हवी होती."

टाचणीबाईंनी कागद घडी घालून परत दिला. "मग मलाही वेळ नाही."

तेव्हा कुठे ते कलम सगळ्यांना आठवलं.

पुढचे पाच आठवडे टाचणीबाईंच्या नाकी नऊ आले. कॉलेजातून रोज फोन. वस्तीतल्या लोकांना भाग घेतल्याबद्दल स्टीलची बाटली मिळायची होती, ती सहीवाचून अडकली. त्यामुळे ज्यांच्यासाठी भांडण चाललं होतं, तेच दुकानात येऊन तोंड वाकडं करू लागले. बाईंचे यजमान बस डेपोत मेकॅनिक. ते एकदा जेवता जेवता म्हणाले, "अगं, एक सही. कशाला जगाशी वैर?"

"अहो, ब्रेक नसलेल्या बसवर तुम्ही सही कराल का?"

यजमानांनी मुकाट्याने वाटी पुढे केली.

शेवटी मोठे डॉक्टर स्वतः दुकानात आले. एका मुलीच्या कुर्त्याचं माप चाललं होतं. टाचणीबाईंनी त्यांना स्टुलाकडे बोट दाखवलं आणि माप पुरं केलं. मग तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. हे त्या फार क्वचित करतात.

"मावशी, दवाखान्याची वेळ माझ्या हातात नाही," ते म्हणाले. थकलेले दिसत होते. "तो नगरपालिकेचा. मी काय करणार?"

"मग तेच लिहा ना. वेळ बदलायला हवी, आमच्या हातात नाही, ज्यांच्या हातात आहे त्यांनी बदलावी. एवढ्याला शाई पुरत नाही?"

"संशोधनात असं लिहीत नाहीत."

"आणि भित्तिपत्रकं लावा, असं लिहितात? बंद दारावर लावायची का ती?"

त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "ती ऐंशी उत्तरं मी स्वतः वाचलेली नाहीत, खरं सांगतो."

"वाचा. मग या."

त्यांनी वाचली. अहवालाचं शेवटचं पान नव्याने लिहिलं गेलं, आणि टाचणीबाईंनी सही केली, मोठी, रेघ ओलांडून. नगरपालिकेने सात महिने घोळ घातला आणि मग आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी पाच ते सात दवाखाना उघडा ठेवायचं ठरवलं.

पहिल्या संध्याकाळी नर्स, तरुण डॉक्टरीण, औषधवाला, सगळे तयार. शंभर बायकांसाठी खुर्च्या मांडलेल्या. आल्या नऊ. नगरपालिकेचा माणूस दारात उभा राहून म्हणाला, "यांच्यासाठी काही करायला जाऊ नये."

टाचणीबाईंचा पारा असा चढला की मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी त्या दार ठोठावत फिरल्या. "वर्षभर माझं डोकं खाल्लंत, आता का नाही आलात?" पहिल्या दारात, दुसऱ्या दारात, दहाव्या दारात एकच उत्तर.

"ताई, साडेपाचला नळाला पाणी येतं. तासभरच. तेव्हा घरातून कोण हलणार?"

त्या दुकानात येऊन बसल्या ते कपाळाला हात लावूनच. त्यांच्या घराला टाकी आहे. पाणी कधी येतं याची त्यांना गेली सहा वर्षं फिकीरच करावी लागलेली नाही. ऐंशी बायकांना त्यांनी 'का येत नाही' विचारलं होतं. 'कधी याल' हे एकीलाही विचारलं नव्हतं.

त्यांनी ते तरुण डॉक्टरीणबाईंना सांगितलं. ती हसली नाही, पण म्हणाली, "मावशी, आमचंही असंच होतं हो."

"माझी तुमच्याशी बरोबरी करू नका!" टाचणीबाई कडाडल्या. मग जरा वेळाने, पुटपुटत, "होतं खरं."

सात ते नऊ ही वेळ मिळवायला आणखी एक अर्ज, दोन बैठका आणि चौथ्या मजल्याचे जिने लागले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे रांग असते. गोळ्या महिन्याच्या मिळतात. पंखा एकच आहे आणि तो नर्सच्या टेबलावर फिरतो, त्यावरून सध्या टाचणीबाईंचं नगरपालिकेशी वाजलंय.

नणंद बरी आहे. पुन्हा बटणं लावायला जाते. हसली की तोंड अजून किंचित एका बाजूला ओढलं जातं. परवा दवाखान्यातून येताना तिने सहज विचारलं, "वहिनी, हे सगळं दोन वर्षं आधी झालं असतं तर?"

टाचणीबाईंनी दुकानाचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि उद्या द्यायचा कुर्ता मशीनवर घेतला.