एक बाई दाखव

माझ्या पोटच्या लेकीलाही हे ठाऊक नाही. तुमच्यापाशीच बोलते आहे — अडखळले तर सांभाळून घ्या.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, मुंबईला भावाकडे राहून माझं ऑपरेशन झालं. कॅन्सर. डावा स्तन काढून टाकला. केडगावात सांगितलं, वहिनी आजारी होती, तिचं करायला गेले होते. गावात खरं फक्त आमच्या यांना माहीत. लेक लग्नाची होती — आईचा रोग लेकीत उतरतो, असं लोक म्हणत. म्हणून लपवलं. पण पुढे जे केलं, ते कशापायी?

शेजारची गया मला अक्का म्हणायची. दुष्काळात खडी फोडायला जायची, तेव्हा तिच्या छातीत गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी त्याच रोगाचं नाव घेतलं, मुंबईला जाऊन कापून घ्या म्हणाले. ती तशीच माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "अक्का, कापून घिऊन जगलेली एक बाई दाखव. एकच. मग मी जाते."

ती बाई तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मी पदर सारखा केला — आणि म्हणाले, "मला गं काय ठाऊक? देवावर भार टाक."

गयानं पदर कमरेला खोचला. मग उठली. "न्हाई तर न्हाई. मीच जाऊन बघते."

आणि गेली. पलीकडून कुणी परत येतं का, हे माहीत नसताना गेली. कुठून आणलं असेल तिनं ते बळ?

परत आल्यावर तिनं काही लपवलं नाही. पुढे नगरच्या दवाखान्यात अशी बाई आली, की डॉक्टर गयाला निरोप धाडत. एकदा सोबतीला मी गेले. घोडेगावची एक तरणी बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती, कुणाशी बोलत नव्हती. गया खाटेवर बसली. पदर बाजूला केला, तिचा हात उचलून आपल्या वणावर ठेवला. "बघ. लई दुखलं. आता भाकरी थापते, पानी शेंदते. जिती हाय."

त्या बाईची बोटं तिथंच राहिली — मग हळूहळू तिनं तोंड वळवलं. माझ्या अंगावर काटा आला. देवळातही मला असं कधी झालं नव्हतं.

"मावशी," तिनं विचारलं, "तुमच्यावानी आनखी कोन हाय का?"

"मला भेटली न्हाई अजून," गया म्हणाली. "पन असंल."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. लेकीचं लग्न होऊन गेलं होतं. भ्यायला काही उरलं नव्हतं.

तरी मी बोलले नाही.