प्रागला न पोचलेला चारू

चारुदत्त म्हणजे माझा नवरा. आयुष्यात एकदाच त्याने कुणाला न विचारता, स्वतःच्या मनाने एक दिवस भटकायला जायचं ठरवलं. तेही धड झालं नाही.

आम्ही नव्याण्णव साली चिंचवडहून ऑकलंडला आलो. चारू मेकॅनिकल इंजिनिअर, भोसरीत चांगला हाताखाली पंधरा माणसं असलेला. इथे येऊन बघतो तर जो तो विचारतोय, लोकल एक्सपीरियन्स आहे का? अरे बाबांनो, काम दिलंत तर येणार ना तो एक्सपीरियन्स! शेवटी चौदा महिने त्याने पेनरोजच्या एका गोडाऊनमध्ये खोकी रचली. मग ईस्ट टामाकीला बिस्किटांच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागला, तो लागलाच. शनिवारी आमच्या लेकीचं, मैत्रेयीचं नेटबॉल, रविवारी लॉन कापायचं, आणि मधे केव्हाही कारखान्यातून फोन, की लाइन बंद पडलीये, ये. हा निघाला. कधी कुरकुर म्हणून नाही. दोघांच्या वाटची कुरकुर मीच करते.

दोन हजार तीनमध्ये मी आणि मैत्रेयी इथल्या नागरिक झालो. टाऊन हॉलमध्ये समारंभ होता, मेयरने आम्हाला एकेक रोपटं दिलं. चारू प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होता. का, तर भारतातून निघताना विमानतळावर बाबा, म्हणजे माझे सासरे, त्याला म्हणाले होते, "पासपोर्ट तेवढा सोडू नकोस रे." झालं! काळ्या दगडावरची रेघ. आपला देश एका वेळी दोन पासपोर्ट ठेवू देत नाही, त्यामुळे इथला घ्यायचा तर तिकडचा सोडायचा. चारू म्हणायचा, पाच-सहा वर्षं करू आणि परत जाऊ, मग कशाला बदलायचा? पाचाची सात झाली. मैत्रेयी मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. तिचं ठरलेलं वाक्य होतं, "डॅड, जस्ट गेट द किवी वन." मी नागरिकत्वाचा फॉर्म आणून, सगळे रकाने भरून फाइलीत ठेवला होता. फक्त त्याची सही बाकी.

घरातली सगळी कागदपत्रं माझ्याकडे. चारूला स्वतःच्या पासपोर्टची मुदत विचाराल तर तो माझ्याकडे बघेल.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात कारखान्याने नवीन पॅकिंग मशीन घेतलं आणि ते पाठवण्याआधी चालवून बघायला चारूला जर्मनीत ड्रेस्डेनला धाडलं. बरोबर एक किवी, म्हणजे इथलाच सहकारी होता, त्याला व्हिसाची भानगडच नाही. चारूचा व्हिसाचा फॉर्म अर्थात मी भरला. त्यात विचारलं होतं, प्रवेश किती वेळा हवा, एकदा की अनेकदा? मी 'एकदा'वर खूण केली. जाणार एकदाच, मग उगाच जास्त कशाला मागा? सरकारी माणसाकडे लागेल तेवढंच मागायचं, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय ना, की काही विचारू नका.

शनिवारपर्यंत बरंचसं काम झालं. रविवारी इथे संध्याकाळचे सहा वाजले होते, मी आमटीला फोडणी घालत होते, आणि त्याचा फोन आला. म्हणाला, मी प्रागला चाललोय. एकटाच, संध्याकाळपर्यंत परत. सहकाऱ्याने सांगितलं होतं म्हणे, अडीच तासांचा तर रस्ता, स्वीट अ‍ॅज, म्हणजे एकदम मस्त. चारू स्टेशनवरून बोलत होता, तिकीट हातात होतं. त्याचा तो आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. एरवी मी आधी कागदपत्रांचं विचारलं असतं. त्या दिवशी म्हटलं, जा बाबा, मजा कर. मला खरंच फार आनंद झाला होता.

पुढच्या शुक्रवारी तो घरी आला. जेवताना मैत्रेयीने प्रागचं विचारलं. जुना पूल आहे म्हणाला, गर्दी खूप, छान होतं. फोटो? कॅमेऱ्याची बॅटरी संपली. चारू एरवीही चार वाक्यांच्या वर बोलत नाही, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट फाइलीत ठेवायला घेतला. आला-गेला शिक्का बघून ठेवायची माझी सवय. फ्रँकफर्टला आत, फ्रँकफर्टहून बाहेर. मधे काहीच नाही. मग मी व्हिसाचा कागद वाचला, प्रवेश: एक.

चारू गॅरेजमध्ये धुतलेले कपडे वाळत घालत होता. मी पासपोर्ट त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, प्रागला गेला होतास की नव्हतास? त्याने हातातला टॉवेल नीट टाकला, चिमटे लावले, आणि मग सांगितलं.

सरहद्दीच्या अलीकडच्या स्टेशनवर गाडीत पोलीस चढले होते. बाकीच्यांचे पासपोर्ट नुसते बघून परत दिले, याच्या पासपोर्टचं पानन् पान उलटलं. चेक लोक दोन वर्षांपूर्वीच युरोपियन युनियनमध्ये आलेत, म्हणजे हा व्हिसा तिथे चालेल, असं हा धरून चालला होता. तो चालत नव्हता. वर त्या पोलिसाने सांगितलं, की एकदा बाहेर पडलात तर याच्यावर परत जर्मनीतही येता येणार नाही. सोमवारी मशीनची शेवटची चाचणी होती. चारू मुकाट्याने उतरला. डब्यातले लोक खिडकीतून बघत होते. तासाभराने उलट्या दिशेची गाडी आली, तिने तो ड्रेस्डेनला परत गेला.

मी विचारलं, मग दिवसभर काय केलंस?

"नदीकाठी बाकावर बसलो. एक पाव घेतला होता. दमलो होतो गं, सात वर्षांचा. नुसतं बसायलाही बरं वाटलं."

मग आमच्याशी खोटं का बोललास, म्हटलं. तर म्हणे, खरं सांगितलं असतं तर तुम्ही दोघींनी तो फॉर्म पुढे केला असता.

मला त्याचा राग आला, माझ्या त्या खुणेचा आला, आणि सगळ्यात जास्त बाबांचा आला. स्वतः चिंचवडला आरामखुर्चीत बसायचं आणि इथे माझ्या नवऱ्याला गाडीतून उतरवायचं! रविवारी चारू लॉन कापायला बाहेर गेला तसं मी फोनचं कार्ड खरवडलं आणि बाबांना लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. तुमच्या एका शब्दासाठी तो अडून बसलाय म्हटलं, आणि गाडीतलं सगळं सांगितलं.

"मृणालिनी," ते म्हणाले, "तो परत यावा म्हणून मी तसं म्हणालो होतो. त्याला सांग, घे म्हणावं तिथला. मी आता वाट बघत नाही."

मग त्यांनी मैत्रेयीच्या अभ्यासाचं विचारलं, आणि फोन ठेवला.

चारूला हे सांगायचं की नाही, याचा मी तासभर विचार केला. पण माझ्या पोटात काही राहत नाही. तो हात धुऊन आत आला तेव्हा जसंच्या तसं सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, वाट बघत नाही म्हणाले? मी दोनदा हो म्हटलं. मग तो जेवायच्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, आण तो फॉर्म.

तीन वर्षं मी ह्या एका सहीसाठी त्याच्या मागे लागले होते. आता तो पेन टेकवत होता आणि मला वाटत होतं, नको, थांबव त्याला. थांबवलं नाही. त्याने सही केली, खाली तारीख घातली, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"म्हणजे आता जायचं नाही आपण," तो म्हणाला.

इतकी वर्षं, परत जायचंय असं तो म्हणायचा तेव्हा मी नुसती मान हलवायचे. माझा त्या परत जाण्यावर कधीच विश्वास नव्हता. त्या दिवशी मला कळलं, की त्याचा होता.