राउटरची खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्या मामांनी राउटरची पूजा केली आणि आमचं मेढ्याचं सेंटर जगापासून तुटलं.

मामा म्हणजे माझे सासरे. लष्करातून निवृत्त झाले नि इथल्या दूध संघाच्या चिलिंग सेंटरवर पहारेकरी लागले. नेटवर्कचं काम माझ्याकडे. संघाचं मुख्य ऑफिस लोणंदला, पण मेढ्याची तार जाते फक्त साताऱ्यापर्यंत. आणि राउटरांना वाटा दाखवणाऱ्या ओएसपीएफचा हट्ट असा, की नेटवर्कचा प्रत्येक विभाग लोणंदच्या मुख्य विभागाला भिडलाच पाहिजे. म्हणून साताऱ्यामधून थेट लोणंदपर्यंत मी व्हर्च्युअल लिंक काढलेली. तार नाही, नुसता मानलेला जोड. दोन्ही टोकांचे राउटर एकमेकांना आयडीच्या आकड्यावरून ओळखतात.

त्या दिवशी संघाचे अध्यक्षही पूजेला आलेले. पडद्यावरून लोणंद गायब बघून म्हणाले, "संध्याकाळचं दूध यायच्या आत हे सुरू झालं नाही, तर तुमचं काम पुण्याच्या कंपनीला."

माझं डोकंच फिरलं. राउटरवर हळद, कुंकू, झेंडू, पुढं नारळ! "अहो मामा, रायफल आहे का ही?" मी सगळ्यांदेखत ओरडले. कान कोरायच्या काडीनं तासभर कुंकू काढत बसले. सातारा पिंगच्या हाकेला उत्तर देतंय, लोणंद ढिम्म. पासवर्ड पाहिला, विभागाचा आकडा पाहिला. मग राउटरचा आयडी पाहिला आणि कपाळावर हात मारला. पंधरवड्यापूर्वी मीच त्याच्यावर नवा आयपी पत्ता चढवला होता आणि आयडी पक्का करायचं विसरले होते. आज राउटर बंद होऊन चालू झाला, तो नव्या पत्त्यालाच आयडी मानून बसला. लोणंद बिचारं जुन्या आकड्याला हाका मारतंय!

जुना आयडी हातानं लिहून पक्का केला. लिंक उठली. दुधाची पहिली गाडी तेव्हा फाटकात होती.

"चूक कुणाची?" अध्यक्षांनी विचारलं.

मामा खाडकन सावधानमध्ये उभे राहिले. "माझी, सायेब. न इचारता बंद केला."

आणि मला सकाळ आठवली. मी पोळ्या लाटत होते. मामांनी विचारलं होतं, "सूनबाई, राउटर बंद करून पुसला तर चालंल न्हवं?" मी मागं न बघता म्हणाले होते, "आंघोळ घाला हवं तर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेब, त्यांनी विचारलं होतं. मीच हो म्हटलं, आणि चूकही माझीच," मी म्हणाले. अध्यक्ष "बरं, बरं" करत प्रसादाकडे वळले.

घरी जाताना स्कूटरवर मागं बसलेले मामा चिडले होते. "तू कशाला बोललीस गं? मला काडून काडून किती काडतील? मी आधीच रिटायर हाय!"